हातचं राखून

सत्काराच्या भाषणात 'जिद्द' हमखास येते. शाल आणि नारळ झाला की वक्ते माइक जवळ ओढतात आणि 'आपल्या ताईंनी जिद्दीच्या जोरावर' असं सुरू करतात. मग शाळेतली एखादी चुणचुणीत मुलगी उठून विचारते, "मॅडम, इतके तास मन कसं घट्ट ठेवलंत?" याचं खरं उत्तर सभागृहाला फारसं रुचत नाही, कारण ते असं आहे: मी दर वीस मिनिटांनी थोडं खाल्लं, आणि अंगात जोर होता तेव्हा तो वापरला नाही. टाळ्या पडतात, पण जरा उशिरा.

मी साताऱ्यात एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काम करते. पंचेचाळिशी ओलांडली, मुलं कॉलेजात आहेत. शाळेत असताना खेळात एकही बक्षीस मिळालं नव्हतं. धावायला लागले याचं मोठं कारण म्हणजे मी साताऱ्यात राहते. २०१२ साली इथे हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत गावाच्या सकाळीच बदलल्या. पूर्वी पहाटे पाचला यवतेश्वरच्या घाटात दूधवाले आणि देवदर्शनाला निघालेले तेवढे भेटायचे. नंतर तिथे वकील, शिक्षक, किराणा दुकानदार, नुकत्याच निवृत्त झालेल्या बायका असे सगळे रंगीत बुटांत दिसू लागले. माझ्या नवऱ्याचे दोन मित्र जायचे. त्यांच्यातल्या एकाची बायको म्हणाली, "वहिनी, तुम्हीही चला की, मला बायकांची सोबत होईल." ती सहा महिन्यांत थांबली, मी राहिले.

त्या शर्यतीत शहर सोडलं की घाट लागतो. निम्मं अंतर चढायचं, कासच्या रस्त्यावर वळायचं आणि आलं तसं उतरायचं. चढाची सगळ्यांना धास्ती. पण खरा मार बसतो तो उतारावर. चढताना मांडीचे स्नायू आकुंचन पावत ढकलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना शरीराला ब्रेक लावत असतात, आणि या ताणाखालच्या ब्रेकमध्ये त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दम लागत नाही म्हणून माणूस सुसाट सुटतो. दुसऱ्या दिवशी शौचालयात बसता येत नाही, जिना उलटा उतरावा लागतो. यावर उपाय एकच, उतरण्याचा सराव. एकदा स्नायूंनी तसा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे त्यांना तितका त्रास होत नाही. हे मला एका फिजिओथेरपिस्टने समजावलं, आणि घाटाने आधीच शिकवलं होतं.

बँकेत वीस-बावीस वर्षं कर्जाच्या फायली पाहिल्यामुळे असेल, पण हा हिशेब मला चटकन पटला. कर्ज थकतं ते दुष्काळात, पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा चांगल्या वर्षी झालेली असते. ऊस चांगला गेला, हात सैल सुटला, गाडी घेतली, मांडव मोठा घातला. लांब पल्ल्याच्या शर्यतीतही सकाळी सात वाजता अंगात जे मावत नसतं, ते दुपारी तीनसाठी असतं.

*

पोहणं मला येत होतं, म्हणजे तसा माझा समज होता. माहेर वाईचं. काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत ढकललं होतं आणि आठवड्याभरात डबा सोडला होता. पण नदीत डोकं वर काढून हातपाय मारणं वेगळं आणि तोंड पाण्यात घालून दोन किलोमीटर जाणं वेगळं. चाळिशीनंतर मी तलावावर फ्रीस्टाइल शिकायला गेले तेव्हा शेजारच्या लेनमध्ये सहावी-सातवीतली पोरं होती. शिकवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. मी जीव खाऊन पाय मारायची. तो काठावरून ओरडायचा, "काकू, पाय कमी मारा! पाय नंतर लागणारेत!" ट्रायथलॉनचं पोहणं मला या एका वाक्यात समजलं. हातांनी पुढे जायचं, पाय फक्त तरंगत ठेवायचे, कारण त्यानंतर सायकल आहे आणि तिच्यानंतर पळणं आहे.

पुरुषांच्या तुलनेत बायकांना सरावाची जागा मिळवायला जास्त खटपट करावी लागते, हे सांगून ठेवते. पहाटे हायवेवर एकटीने सायकल काढणं ही साधी गोष्ट नाही. मी कायम गटाबरोबर गेले, आणि गट नसेल त्या दिवशी घरात सायकल ट्रेनरवर लावून भिंतीकडे बघत पेडल मारलं. सासूबाई पूजा करता करता विचारायच्या, "अगं, हलत नाही तर घाम कसला येतोय?" पण माझ्या सरावाच्या रविवारी स्वयंपाक त्यांनीच केला, अनेक वर्षं. हे सत्काराच्या भाषणांत येत नाही.

पहिली मोठी शर्यत गोव्याची. २०१९ पासून मिरामारच्या किनाऱ्यावर अर्धी आयर्नमॅन होते: १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं, आणि सगळं मिळून साडेआठ तासांच्या आत. थंड पाण्यात अंगाला चिकटून बसणारा जो रबरी पोशाख घालतात, त्याने माणूस आपोआप तरंगतो. पण पाणी २४.५ अंशांच्या वर गेलं की हौशी स्पर्धकांनाही वयोगटाच्या बक्षिसासाठी तो चालत नाही, आणि आपला अरबी समुद्र तर कोमटच. त्यामुळे लाटांच्या भरवशावर. दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे डोळे वर काढून तरंगता फुगा शोधायचा, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो. घशात खारं पाणी जातं, कुणाची तरी टाच तोंडावर बसते. त्यात कुणाचा दोष नसतो.

सायकलवर मला तरण्या पोरांनी भराभर मागे टाकलं. मी मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके बघत होते आणि ठरवलेल्या आकड्याच्या वर जाऊ देत नव्हते. गोव्याच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर अंग निवत नाही. त्यामुळे तोच वेग ठेवला तरी ठोके तासागणिक चढत जातात. वेग कमी करणं हा एवढाच मार्ग उरतो आणि तो स्वीकारायला फार जड जातो. शेवटी धावताना तर मीही मध्ये मध्ये चालले. एका घरासमोर एक गृहस्थ बागेची नळी घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला भिजवत होते. त्यांच्या शेजारची बाई ओरडली, "धांव गो बाये, धांव!" मी वाकून नळीखाली डोकं धरलं आणि आणखी अर्धा मिनिट उभी राहिले. कट-ऑफला पुरेसा वेळ होता.

सातारला परतले तर पोवई नाक्यावर फ्लेक्स! माझा हेल्मेटमधला फोटो, शेजारी तीन पुढाऱ्यांचे, आणि खाली 'आयर्नलेडी'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही खेळाडू नव्हे. खेळाडू म्हणजे याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंद अशी वेळ दिली आणि अंतिम फेरी गाठली. पी. टी. उषाच्या १९८४ च्या शर्यतीनंतर ट्रॅकवर अंतिम फेरीत जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिने दुष्काळी गावातून धावायला सुरुवात केली. आम्ही पगारातून प्रवेशशुल्क भरून, महागडी सायकल घेऊन, विमानाने जाऊन भाग घेतो. आम्ही या धंद्याचे गिऱ्हाईक आहोत. ते कबूल केलं की पुष्कळ फुगे आपोआप फुटतात आणि मजा घेता येते.

*

पूर्ण आयर्नमॅनची अंतरं कुणा शास्त्रज्ञाने ठरवलेली नाहीत. हवाईत आधीच तीन वेगवेगळ्या शर्यती होत होत्या: एक समुद्रात पोहण्याची, एक ओआहू बेटाला सायकलने वळसा घालण्याची आणि होनोलुलूची मॅरेथॉन. सगळ्यात तंदुरुस्त कोण, पोहणारा की धावणारा, अशा वादातून जॉन कॉलिन्स या नौदलातल्या अधिकाऱ्याने तिन्ही एकाच दिवशी जोडून टाकल्या. १९७८ मध्ये पंधरा जण उतरले, बारा पोहोचले. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला जवळपास पावणेबारा तास लागले. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली, असं सांगतात. म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर हे आकडे पारावरच्या पैजेतून आले आहेत. त्यांच्यापुढे हात जोडण्याचं कारण नाही.

मी पश्चिम ऑस्ट्रेलियातली बसलटनची शर्यत निवडली. पर्थपासून दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, लहानसं किनाऱ्यावरचं गाव. तिथे १८४१ मीटर लांबीचा लाकडी धक्का समुद्रात शिरला आहे आणि पोहणं म्हणजे त्या धक्क्याला वळसा. जाताना खांबांच्या एका बाजूने, येताना दुसऱ्या बाजूने, त्यामुळे वाट चुकायची सोय नाही. पाणी इतकं नितळ की खाली वाळूवरच्या रेघा दिसत होत्या. २०१७ साली तिथे शार्क दिसल्यामुळे पोहण्याचा टप्पाच रद्द झाला होता. ही माहिती नवऱ्याने मला शर्यतीच्या आदल्या रात्री दिली. त्याचा हेतू चांगला होता, असं मी मानते.

तिथली सायकल सपाट. साताऱ्याहून जाणाऱ्या माणसाला सपाट म्हणजे सोपं वाटतं. तसं ते नाही. घाटात चढ असतो तसा उतारही असतो. उतारावर पाय थांबतात, पाठ सरळ होते, पाण्याचा घोट घेता येतो. सपाटीवर १८० किलोमीटर पाय थांबतच नाहीत. वारा कापायला पुढच्या दांड्यांवर कोपरं टेकवून वाकलेलं राहायचं, मान वर करून रस्ता बघायचा, तासन् तास. शंभराच्या पुढे माझी मान दुखत होती आणि पाय ठणठणीत होते. याचा सराव मी केलेला नव्हता कारण आमच्याकडे इतका सपाट रस्ता सलग सापडतच नाही. अधूनमधून मी उभी राहून पेडल मारत होते, फक्त पाठीला बदल म्हणून. आणि माशा! नाकात, ओठांवर, चष्म्याच्या आत.

शिवाय एकटेपणा, तोही नियमाने लादलेला. पुढच्या सायकलच्या मागे राहिलं की वारा कमी लागतो, म्हणून तिथे पुढच्या सायकलपासून १२ मीटर अंतर ठेवावं लागतं. ओलांडायचं तर पंचवीस सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. मोटरसायकलवरून पंच फिरतात. निळं कार्ड दाखवलं की वाटेतल्या तंबूत पाच मिनिटं उभं राहायचं. सायकलला हात लावण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा. कानात गाणी नाहीत. बाहेरच्या माणसाने काही द्यायचं नाही, शेजारून पळायचं नाही. नवऱ्याने माझ्यासाठी शेंगदाण्याची चिक्की आणली होती ती त्याच्याच खिशात राहिली. तो कठड्याच्या पलीकडून फक्त ओरडायचा, तेही उपयोगाचं: "बारा मिनिटं पुढे आहेस ठरल्यापेक्षा, सावकाश घे!" दुसऱ्यांचे नवरे 'कम ऑन, पुश' ओरडत होते.

मग खाणं. शरीरात साठवलेली साखर चार-पाचशे ग्रॅम, तिच्यातून दोन हजार कॅलरींच्या आसपास ताकद मिळते. पूर्ण आयर्नमॅनला त्याच्या चौपट-पाचपट लागते. उरलेली चरबीतून येते, पण चरबी सावकाश जळते आणि तिलाही थोडी साखर लागतेच. म्हणून वाटेत खात राहायचं. पोट तासाला साठ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज शोषतं, फळातली साखर जोडीला दिली तर नव्वदपर्यंत. कागदावर हे सोपं आहे. पण जोरात श्रम चालू असले की रक्त स्नायूंकडे वळतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, आणि तिथे टाकलेलं तसंच पडून राहतं. भूक मेलेली असते, गोड जेलचा वास आला तरी उमासा येतो. म्हणजे खाता यावं म्हणून सावकाश जायचं आणि जाता यावं म्हणून खायचं. मी सायकलच्या पिशवीत उकडलेल्या बटाट्याच्या मीठ लावलेल्या फोडी ठेवल्या होत्या. त्या बटाट्यांनी मला धावण्याच्या निम्म्यापर्यंत नेलं. पुढे कोला आणि मीठ.

ती मॅरेथॉन मी धावले असं म्हणवत नाही. समुद्राकाठच्या रस्त्यावर त्याच त्याच फेऱ्या, अंधार पडल्यावर दिव्यांखालून. पाणी देण्याच्या दोन ठिकाणांमध्ये पळायचं, ठिकाणावर चालायचं, एवढा करार. एका फेरीत माझ्या पुढे एक उंच तरणा गडी होता, दंडावर गोंदलेलं. तो सायकलवर माझ्याजवळून वाऱ्यासारखा गेला होता. आता दिव्याच्या खांबाला धरून ओकत होता. स्वयंसेवक मुलीने त्याला खुर्ची दिली. त्याला बसायचं नव्हतं. डोळ्यांत नुसती जिद्द. मी पुढची फेरी करून आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. तो पुढे गेला की तंबूत, कळायला मार्ग नव्हता.

*

कॉम्रेड्समध्ये यातलं जवळपास काहीच नाही, म्हणूनच ती माझी आवडती.

दक्षिण आफ्रिकेत पीटरमॅरिट्झबर्ग आणि दरबान यांच्यामध्ये ही शर्यत होते. एका वर्षी डोंगराकडून समुद्राकडे, नव्वदेक किलोमीटर. मग कधी उलट, थोडी कमी पण चढाची. व्हिक क्लॅपम नावाच्या रेल्वे इंजिन ड्रायव्हरने पहिल्या महायुद्धात मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती १९२१ मध्ये सुरू केली. तेव्हा चौतीस निघाले आणि सोळा पोहोचले. आता हजारोंनी धावतात, बारा तास मिळतात. आपल्याकडून, विशेषतः मुंबई-पुण्याहून, दरवर्षी मोठा जथा जातो. मुंबई मॅरेथॉनमध्ये पात्रतेची वेळ काढायची आणि मग व्हिसाच्या रांगेला लागायचं.

माझं वर्ष उताराचं होतं. म्हणून वर्षभर यवतेश्वर उतरले. चढायला जीपने, उतरायला पायांनी, असंही पुष्कळदा.

अंधारात, थंडीत, पीटरमॅरिट्झबर्गच्या नगरभवनासमोर उभं असताना सगळे 'शोशोलोझा' गातात. खाणीत कामाला जाणाऱ्या मजुरांचं गाणं. अर्थ ठाऊक नसलेल्या माणसाच्याही अंगावर काटा येतो, आणि त्या वेळी स्वतःला आवरणं हे त्या दिवसातलं पहिलं अवघड काम असतं. याच शहराच्या स्टेशनवर १८९३ मध्ये गांधीजींना डब्यातून उतरवलं गेलं. आदल्या दिवशी आम्ही तिथे जाऊन आलो होतो. भोवतालच्या गर्दीत काळे, गोरे, भारतीय वंशाचे सगळे खेटून उभे होते, आणि या शर्यतीतही काळ्या धावपटूंना व स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ साल उजाडावं लागलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, १९२३ मध्ये, फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या एका बाईचा अर्ज नाकारला गेला तरी ती धावली. उताराच्याच दिशेने. अकरा तास पस्तीस मिनिटं. पदक नाही. लोकांनी मिळून तिला चांदीचा चहाचा संच दिला. माझी वेळ तिच्या आगेमागेच आहे, आणि माझ्या पायांत शंभर वर्षांनंतरचे बूट होते.

कॉम्रेड्समध्ये 'बस' असते. एक अनुभवी धावपटू हातात झेंडा घेऊन ठराविक वेळेत शर्यत पूर्ण करायला निघतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि त्याच्यामागे शे-दीडशे माणसं एकाच लयीत पळतात. मी एका बसमध्ये शिरले. ड्रायव्हर झुलू होता, पन्नाशीचा, दाढी पिकलेली. दहा किलोमीटरही झाले नव्हते, सगळे ताजेतवाने, आणि समोर जेमतेम चढ. त्याने झेंडा वर केला आणि ओरडला, "वॉक!" सगळी बस चालायला लागली. दोन्ही बाजूंनी लोक आम्हाला ओलांडून जात होते. माझ्या शेजारच्या एका जर्मन माणसाने तोंड वाकडं केलं आणि तो बस सोडून पळत गेला. ड्रायव्हरने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने गाणं सुरू केलं, मागच्यांनी धरलं, आणि गाणं संपल्यावर "रन!" मला वाटलं, हा माणूस आमच्या बँकेत हवा होता.

वाटेत पाच मोठ्या टेकड्या लागतात, नावाने ओळखल्या जाणाऱ्या. अर्ध्या अंतराच्या जवळ, ड्रमंडनंतर, रस्त्याकडेच्या बांधात एक खळगा आहे. विसाच्या दशकात पाच वेळा जिंकलेले आर्थर न्यूटन तिथे विसावायचे, म्हणून जाणारा प्रत्येक जण त्यांना नमस्कार करतो, कुणी फूल ठेवतं. म्हणजे उरलेली निम्मी शर्यत बरी जाते. मी चप्पल काढायच्या सवयीने क्षणभर बुटांकडे वाकले होते! बस पुढे चालली म्हणून तशीच हात जोडून निघाले.

पाणी प्लास्टिकच्या चौकोनी पिशव्यांत मिळतं. कोपरा दातांनी तोडायचा, दोन घोट प्यायचं, उरलेलं मानेवर ओतायचं. सगळं प्यायचं नाही, हे महत्त्वाचं. जितकं पाणी तितकं चांगलं असं पूर्वी सांगत. १९८१ च्या याच शर्यतीत एका बाईने तसं पाणी पीत राहून रक्तातलं मीठ इतकं पातळ केलं की तिला झटके आले आणि शुद्ध हरपली. केपटाऊनच्या डॉ. टिम नोक्स यांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून १९८५ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे पाण्यानेही धावपटू आडवा होऊ शकतो हे हळूहळू मान्य झालं. तहान लागेल तेव्हा प्या, हा सल्ला आज साधा वाटतो. आपल्याकडच्या शर्यतींत अजूनही स्वयंसेवक प्रेमाने तिसरा ग्लास पुढे करतात.

साठ किलोमीटरनंतर कुठेतरी भारतीय वंशाचं एक कुटुंब खुर्च्या टाकून बसलं होतं. त्यांच्यातल्या आजींनी माझ्या बिबवरचं नाव वाचलं आणि इंग्रजीत विचारलं, "इंडियातून?" १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून जे भारतीय नेले गेले, त्यांचे हे वंशज. आजींनी ताटलीतला मीठ लावलेला उकडलेला बटाटा माझ्या हातावर ठेवला. बसलटनला असं झालं असतं तर मला शिक्षा झाली असती. इथे नव्वद किलोमीटर लोक बटाटे, संत्री, बर्फ, व्हॅसलीन घेऊन उभे असतात. एका वळणावर अपंग मुलांची शाळा आहे, तिथली मुलं टाळीसाठी हात पुढे करतात. तिथे बसने वेग कमी केला. ते ड्रायव्हरच्या वेळापत्रकातच होतं.

फील्ड्स हिलचा उतार तीन किलोमीटरच्या आसपास, तीव्र, आणि तो साठ-सत्तर किलोमीटर झालेल्या मांड्यांवर येतो. लोक रडत उतरत होते. काही जण उलटे, पाठ पुढे करून. माझ्या मांड्या दुखत होत्या पण ऐकत होत्या. घाट कामी आला. तो जर्मन माणूस इथे भेटला. रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसला होता, एक शाळकरी मुलगा त्याच्या पोटऱ्या चोळत होता. मला बघून तो म्हणाला, "द बस!" आणि हसला. उठला, आमच्यात शिरला, पाचेकशे मीटर आला आणि पुन्हा मागे पडला. शेवटी त्याचं काय झालं कोण जाणे. बसमध्ये तेवढी माया नसते. ती वेळेवर जाते.

मी वेळेत पोहोचले, पदक मिळालं. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना क्लॅपमच्या नावाचं तांब्याचं मिळतं. मैदानातल्या हिरवळीवर बसून मी शेवटची वीसेक मिनिटं पाहिली. बारा तास पुरे होताना एक पदाधिकारी रेषेपाशी येऊन धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. पाठ अशासाठी की कोण किती जवळ आलंय हे त्याला दिसू नये. त्या क्षणी रेषा बंद. एक माणूस पाच-सहा पावलांवर होता. नव्वद किलोमीटर आणि त्यात पाच पावलं कमी. सोबतची पुण्याची मैत्रीण चिडली, "असं कसं गं, माणुसकी आहे की नाही?" मला मात्र ते योग्य वाटलं. पाच पावलांना सूट दिली तर सहाव्याला काय सांगणार? मी रोज हेच काम करते, फक्त मला पाठ करता येत नाही, अर्जदार समोर बसलेला असतो.

या शर्यतीत आयोजकांनी एक सापळा लावलेला आहे. पहिल्यांदा धावलेल्याने लगेच पुढच्या वर्षीही पूर्ण केली तर त्याला आणखी एक वेगळं पदक मिळतं, आयुष्यात एकदाच. त्यासाठी परत यायलाच हवं. नवऱ्याने विमानाच्या तिकिटांचा, सुट्ट्यांचा आणि धाकटीच्या फीचा हिशेब मांडला, दोन दिवस बोलला नाही आणि मग स्वतःच अर्जाची शेवटची तारीख सांगितली. पुढचं वर्ष चढाचं आहे, दरबानहून वर.

म्हणून सध्या उलट चाललंय. घाट पायांनी चढते आणि मांड्या वाचवायला उतरताना कासकडून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोला हात करते. टेम्पोवाला आता ओळखीचा झालाय. पहिले काही दिवस गप्प होता. परवा न राहवून म्हणाला, "वहिनी, परत बसूनच जायचं असतं तर एवढं चढता कशाला?" मी त्याला कॉम्रेड्सचं सगळं सांगितलं, टेकड्या, बस, बंदूक. त्याने समर्थ मंदिर येईपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते असू द्या. दुसरा टेम्पो घ्यायचाय. तुमच्या बँकेत व्याज काय दरानं पडेल?"

"पहिल्याचे हप्ते संपले का?" मी विचारलं.

"दोन राहिलेत."

"मग ते फेडून ये."